घरचं पीठ, गावचा विस्तव : चीजच्या अरबी रोटीची गोष्ट



आजचा विषय जाहीर झाल्यावर आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने फोन केला. म्हणाला, "सर, आयुष्यभर आम्हाला शंकराचार्य आणि कांट शिकवलात, आणि आता चीजची रोटी?" प्रश्न रास्त आहे. उत्तरादाखल आम्ही त्याला बगदादच्या एका लेखकाचं नाव सांगितलं. मुहम्मद इब्न अल-हसन अल-बगदादी. त्याने १२२६ साली पाककृतींचं एक पुस्तक लिहिलं. त्याच्या प्रस्तावनेत तो सुखाचं वर्गीकरण करतो. सुखं सहा प्रकारची : अन्न, पेय, वस्त्र, कामसुख, सुगंध आणि संगीत. यात श्रेष्ठ कोणतं? तर अन्न, कारण बाकीची सुखं भोगायला आधी शरीर टिकावं लागतं. आता हे तत्त्वज्ञान नाही तर काय आहे? तेव्हा तत्त्वज्ञानाच्या माणसाने स्वयंपाकघरात शिरायला हरकत नाही. आपण फक्त चपला बाहेर काढून शिरू.

चीज घालून भाजलेली अरबी रोटी आता आपल्याकडेही लोकांना माहीत होऊ लागली आहे. आखाती देशांत नोकरीला असलेल्या आपल्या मुलामुलींनी ती चाखलेली असते. लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाईन, जॉर्डन या पट्ट्यात, ज्याला अरबीत 'शाम' म्हणतात, तिला 'मनाकीश' असं नाव आहे. हे अनेकवचन झालं. एक असेल तर 'मनकूशा', आणि लेबनॉनच्या बोलीत 'मनऊशे'. मैद्याची तळहातापेक्षा मोठी गोल रोटी, वर पांढरं खारं चीज, म्हणजे 'जिबने', किंवा तेलात कालवलेला 'झातर'. झातर म्हणजे ओव्याची आठवण करून देणाऱ्या एका रानवनस्पतीची वाळलेली पानं, तीळ आणि सुमाक नावाच्या आंबट फळांची पूड. सकाळच्या न्याहारीला गरमागरम खायची. घडी घालायची आणि चालता चालता खायची.

लोक आम्हाला विचारतात, ही घरी करता येते का? येते, आणि कशी करायची ते आम्ही शेवटी सांगणारच आहोत. पण त्याआधी एक उलटा प्रश्न विचारू या. ही रोटी मुळात 'घरची' होती का? आजचं सगळं व्याख्यान या एका प्रश्नाभोवती आहे.

आधी शब्द बघू. 'मनकूशा' हा शब्द न-क-श या अरबी धातूपासून आला. त्याचा अर्थ कोरणं, ठसे उमटवणं. हाच शब्द फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि 'नक्षी' झाला, 'नकाशा' झाला. म्हणजे मनकूशा ही अक्षरशः नक्षीची रोटी. नक्षी कसली? बोटांची. गोळा थापून झाला की दहाही बोटांची टोकं त्यात रुतवतात आणि खळगे पाडतात. ही नुसती हौस नाही बरं का. खळगे पाडले की भट्टीत रोटी फुग्यासारखी फुगत नाही, आणि वरचं तेल किंवा चीज त्या खळग्यांत धरून राहतं. आमच्या आईची भाकरी थापतानाची बोटं आम्हाला इथे आठवतात. फरक एवढाच की आपल्याला भाकरी फुगायला हवी असते, त्यांना ही रोटी फुगायला नको असते.

आता थोडं मागे जाऊ. जॉर्डनच्या ईशान्येला शुबैका नावाचं एक उत्खननाचं ठिकाण आहे. तिथल्या चुलीत जळालेल्या रोटीचे बारीक तुकडे सापडले, आणि २०१८ साली संशोधकांनी त्यांचं वय जाहीर केलं : सुमारे १४,४०० वर्षं. शेती सुरू व्हायच्या आधीची चार हजार वर्षं! रानगव्हाचं आणि पाणवनस्पतीच्या कंदांचं पीठ होतं ते. म्हणजे या भूमीत माणसाने आधी रोटी भाजली आणि मग शेत नांगरलं. तिथल्या माणसाचं रोटीशी नातं किती खोल आहे, ते भाषेतही दिसतं. अरबीत रोटीला सर्वसाधारण शब्द 'खुब्ज'. आखातात काम करणारी आपली मंडळी त्याला 'खुबूस' म्हणतात. पण इजिप्तमध्ये रोटीला 'ऐश' म्हणतात, आणि 'ऐश' म्हणजे जगणं. आखातात हाच शब्द भाताला वापरतात. ज्याच्यावर जगायचं, तो ऐश. आपल्याकडे हा शब्द फारसीतून आला तोवर त्याचा अर्थ चैन असा झाला होता. आपण 'ऐश करतो', इजिप्तचा कामकरी माणूस ऐश खातो. एकाच शब्दाची ही दोन टोकं आहेत.

आता विस्तवाकडे येऊ, कारण आपला मुद्दा तिथे आहे. रोटी भाजायची मुख्य साधनं तीन. पहिलं 'तन्नूर', म्हणजे आपला तंदूर. हा शब्द अक्कादी भाषेत 'तिनूरू' असा मिळतो, इतका तो जुना. दुसरं 'साज', म्हणजे विस्तवावर पालथा घातलेला लोखंडी घुमट. आमच्या खानदेशी श्रोत्यांना हे समजावून सांगायला नको. पालथ्या खापरावर मांडे भाजणाऱ्या बाईला साज दाखवला तर ती म्हणेल, हे आमचंच खापर, फक्त लोखंडाचं. तिसरं 'फुर्न', म्हणजे सपाट तळाची, घुमटाच्या छताची मोठी भट्टी. हा शब्द मूळ लॅटिन 'फुर्नुस', रोमन काळाचा वारसा. पोर्तुगीजांचा 'फोर्नु' त्याच घराण्यातला. म्हणून गोव्याचा पोदेर आपल्या भट्टीला 'फोर्न' म्हणतो आणि बैरूतचा रोटीवाला 'फुर्न' म्हणतो. एकमेकांना कधी न भेटलेली ही चुलत भावंडं आहेत.

आता विचार करा. तन्नूरमध्ये रोटी उभ्या भिंतीला चिकटवतात. तिच्यावर चीज घातलं तर ते वितळून खाली निखाऱ्यात जाणार. म्हणजे चीजच्या रोटीला आडवा तळ हवा. एक तर साज हवा, नाही तर फुर्न. आणि खालून-वरून एकदम आच लागायची असेल तर फुर्नच हवी. पण फुर्न घरात मावत नाही! तिला सरपण फार लागतं, जागा लागते, दिवसभर तापती ठेवणारा माणूस लागतो. त्यामुळे ती असायची मोहल्ल्याची. गृहिणी पीठ घरी मळायची, गोळे फळीवर किंवा परातीत मांडायची, कापडाने झाकायची आणि पोरांच्या डोक्यावर देऊन भट्टीवर धाडायची. भाजणावळीला कधी पैसे, कधी रोट्याच. आठवड्याच्या रोट्या भाजून होता होता उरलेल्या गोळ्यांवर झातर नाही तर चीज घालून पोरांची न्याहारी व्हायची. आजही लेबनॉनमध्ये घरून वाडग्यात आपलं झातर किंवा चीज घेऊन माणसं भट्टीवर जातात. पीठ भट्टीवाल्याचं आणि वरचं सारण आपलं.

म्हणजे आपल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. पीठ घरचं होतं, पण विस्तव गावचा होता.

गावचा विस्तव म्हटला की त्याचे नियम आले. बाराव्या शतकात, सलाहुद्दीनच्या काळात, शामच्या प्रदेशात शैझरी नावाचा एक लेखक होऊन गेला. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला तिथे 'मुहतसिब' म्हणत. त्या मुहतसिबासाठी शैझरीने एक मार्गदर्शक पुस्तक लिहिलं. त्यात भट्टीवाल्यांसाठी काय काय आहे बघा. भट्टीचं छत उंच हवं, धुराला वाट हवी. भट्ट्या शहराच्या सगळ्या वस्त्यांत वाटलेल्या हव्यात, कारण लोकांना त्यांची गरज असते. पीठ मळणाऱ्याने पायाने किंवा कोपराने मळू नये. घट्ट बाह्यांचा कपडा घालावा, शिंक किंवा थुंकी पडू नये म्हणून तोंड झाकावं, घाम गळू नये म्हणून कपाळाला पट्टी बांधावी. आणि दिवसा मळत असेल तर माश्या हाकलायला शेजारी एक माणूस उभा करावा! आठशे-साडेआठशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. नियम एवढे बारीक का? कारण आपल्या पोटात जाणारी वस्तू आपण परक्याच्या हातात देतो. तिथे विश्वास लागतो, आणि विश्वासाला व्यवस्थेचा आधार लागतो.

विश्वासाचा हाच प्रश्न चीजच्या बाबतीत आणखी टोकदार झाला. चीज करायला दुधात 'रेनेट' घालतात. पारंपरिक पद्धतीत ते कोकराच्या किंवा वासराच्या जठरातून काढलेलं असतं. सुरुवातीच्या काळात मुसलमान इराणात पोचले तेव्हा त्यांच्यासमोर अग्निपूजकांनी, म्हणजे आपल्याकडच्या पारशांच्या पूर्वजांनी, केलेलं चीज आलं. ज्या जनावराचं रेनेट वापरलं ते आपल्या विधीने कापलेलं नाही, मग हे चीज खावं का? शास्त्रज्ञांमध्ये यावर मोठा वाद झाला. काहींनी ते निषिद्ध ठरवलं. काहींनी म्हटलं, ईश्वराचं नाव घ्या आणि खा, फार चौकशी करू नका. शेजाऱ्याच्या हातचं खावं की नाही, हा प्रश्न फक्त आपल्याच देशात पडला असं समजायचं कारण नाही.

इथे आमच्या घरची एक गोष्ट सांगतो. आमच्या लहानपणी दिवाळीच्या आधी आई रवा, मैदा, तूप, साखर डब्यात भरायची आणि आम्ही भावंडं तिच्याबरोबर बेकरीत जायचो. नानकटाई करून आणायची. बेकरीवाले चाचा मुसलमान होते. आपला माल आपल्यासमोर मळला जायचा, पत्र्यावर लागायचा आणि भट्टीत जायचा. आपल्या पत्र्यावर खूण म्हणून आई कागदाचा तुकडा ठेवायची. आमची आजी सोवळ्यातली. ती त्या नानकटाईला शिवत नसे. आई तिच्याशी वाद घालत नसे आणि दरवर्षी बेकरीत जायचं थांबवतही नसे. एका वर्षी आजी आजारातून उठली होती. संध्याकाळी तिने आम्हाला हळूच जवळ बोलावलं आणि म्हणाली, "ते तुमचं काय ते, एक आण." आम्ही आणून दिली. तिने ती दुधात बुडवून खाल्ली आणि म्हणाली, "तूप आपलंच आहे ना, मग झालं." घरात कुणाला सांगितलं नाही, आम्हीही नाही. आज पहिल्यांदाच जाहीर सांगतो आहोत. शास्त्रज्ञांचा तो सगळा वाद आजीने एका वाक्यात मिटवला होता. पीठ-तूप घरचं आहे, विस्तव कुणाचा का असेना.

आता चीजकडे बघू. मेंढ्या-बकऱ्यांना दूध भरपूर येतं ते वसंतात. ते वर्षभर कसं टिकवायचं? चीज करून खाऱ्या पाण्यात बुडवून. या पट्ट्यातल्या चीजचा खारटपणा तिथून आला. मनाकीशवरचं सगळ्यात प्रसिद्ध चीज 'अक्कावी', म्हणजे अक्का शहराचं. हे भूमध्य समुद्राकाठचं जुनं बंदर. धर्मयुद्धांत त्याच्यासाठी रक्त सांडलं, १७९९ साली नेपोलियनला तिथूनच वेढा उठवून परत फिरावं लागलं. दुसरं चीज नाबुलसी, नाबलुस शहराचं. ते मिठाच्या पाण्यात उकळतात आणि त्यात मस्तकी नावाचा सुगंधी डिंक आणि महलब, म्हणजे रानचेरीच्या बियांची पूड घालतात. नाबलुसची 'कुनाफा' ही मिठाई याच चीजची, फक्त आधी त्याचं मीठ काढून टाकतात आणि वर साखरेचा पाक घालतात.

१९४८ साली अक्का शहर पडलं आणि तिथले बहुतेक अरब रहिवासी विस्थापित झाले. कित्येक जण लेबनॉनच्या छावण्यांत गेले. शहर गेलं, चीजचं नाव मात्र राहिलं. आज अक्कावी चीज लेबनॉनमध्ये होतं, सीरियात होतं, आणि तुम्हाला आश्चर्य वाटेल, चेक देशातल्या कारखान्यांत होऊन अरब देशांत विकायला येतं. आपण दुकानात शंभर ग्रॅम अक्कावी मागतो तेव्हा आपल्या तोंडी एका गावाचं नाव असतं, आणि त्या गावाहून निघालेल्या कुणाचा तरी नातू कदाचित ते कापून देत असतो.

हे आम्हाला पुस्तकातून कळलं नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही उभयता मुलाकडे शारजाला होतो. हौसेने अक्कावी आणलं, किसलं, रोटीवर घातलं, भाजलं. पहिला घास घेतला आणि सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. नुसतं मीठ! सूनबाई म्हणाली, "बाबा, कोळी वाड्यातलं खारं परवडलं." शेजारी एक पॅलेस्टिनी कुटुंब होतं. त्या घरच्या आजीबाईंना आम्ही विचारायला गेलो. त्या हसल्या आणि आम्हाला ओट्याशी नेऊन पाण्याचं पातेलं दाखवलं. चीज रात्रभर पाण्यात होतं. नातीने भाषांतर केलं : हे चीज समुद्र बरोबर घेऊन येतं, आधी त्याला समुद्र विसरू द्यायचा. मग त्या थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या, आमचं गाव समुद्रावरच होतं. आम्ही त्यांना गावाचं नाव विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं आता वाटतं.

तर आता कृती. अर्धा किलो मैदा, ७ ग्रॅम कोरडं यीस्ट, चमचाभर साखर, चमचाभर मीठ, तीन मोठे चमचे ऑलिव्ह तेल आणि साधारण ३०० मिलीलीटर कोमट पाणी. पीठ सैलसर, पण हाताला न चिकटणारं हवं. दहा मिनिटं चांगलं मळा. झाकून तास-दीड तास ठेवा, दुप्पट होईल. आठ गोळे करा, दहा मिनिटं विसावू द्या. चीज अर्धा सेंटीमीटर जाडीच्या कापांत चिरून रात्रभर पाण्यात ठेवा आणि दोन-तीनदा पाणी बदला. मग निथळून किसा. ओव्हन असेल तेवढा तापवा, घरगुती ओव्हन २५० अंशांपर्यंत जातो. आत एक जाड ट्रे पालथा घालून अर्धा तास तापू द्या. तो ट्रे म्हणजे तुमच्या फुर्नचा तळ. गोळा थापा, बोटांची नक्षी करा, चीज पसरा, तापलेल्या ट्रेवर सरकवा. सहा ते आठ मिनिटं पुरतात. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर खालून भाजा आणि वरून झाकण ठेवा. वरचा रंग येणार नाही, पण चव येईल.

अक्कावी मिळालं नाही तर? लोक पनीर घालतात आणि मग म्हणतात, वितळत नाही. वितळणार नाहीच. पनीर आपण लिंबाने किंवा आंबट पाण्याने फाडतो. आम्लामुळे दुधातल्या प्रथिनांना सैलसर बांधून ठेवणारं कॅल्शियम निघून जातं, आणि मग ती प्रथिनं तापली तरी वाहत नाहीत, आणखी घट्ट होतात. रेनेटच्या चीजमध्ये ते कॅल्शियम टिकतं, म्हणून ते मऊ होतं, ताणलं जातं. तेव्हा निम्मं मोझरेला आणि निम्मं किसलेलं पनीर घ्या, चवीला मीठ घाला. एक वितळेल, दुसरं दाताखाली येईल.

याच पिठातून भावंडंही होतात. त्रिकोणी घडी घालून आत पालक, कांदा, सुमाक भरलं की 'फतायर'. वर खिमा पसरला की 'लहम बि अजीन', शब्दशः पिठासह मांस. तुर्कांनी त्याचं 'लाहमाजून' केलं. न फुगवलेल्या पिठाच्या पारीत चीज भरून तळलं की 'संबूसक'. या नावाच्या जवळचा पदार्थ आमच्या बगदादीच्या पुस्तकात आहे, आणि चौदाव्या शतकात इब्न बतूताने तो दिल्लीत मुहम्मद तुघलकाच्या दरबारात खाल्ला. पुढे त्याचं काय झालं ते सांगायला नको. तुमच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात तो चिंचेच्या चटणीबरोबर मिळतो.

आता शेवटाकडे येऊ. चीज चेक देशातलं, मैदा पंजाबातला, ओव्हन विजेचा, हात मराठी. मग ही मनाकीशच का? आमचे नैयायिक विचारतील, घटाचं घटत्व तसं मनाकीशचं मनाकीशत्व कशात? द्रव्यात म्हणावं तर द्रव्य बदललं. आकारात म्हणावं तर पिझ्झाही गोलच असतो. आम्हाला विचाराल तर ते एका संबंधात आहे : घरातून निघालेलं पीठ आणि सगळ्यांचा विस्तव यांच्या संबंधात. २०२३ साली युनेस्कोने लेबनॉनच्या मनऊशेला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. तिथल्या नोंदीत एक गोष्ट आहे. पीठ मळताना ते चांगलं फुगावं म्हणून कुणी क्रूसाची खूण करतं, कुणी फातिहा म्हणतं. प्रार्थना दोन आणि भट्टी एक. ज्या देशाने १९७५ ते १९९० अशी पंधरा वर्षं यादवी भोगली, त्या देशात ही साधी गोष्ट राहत नाही.

घरात ओव्हन आला आणि आपली सोय झाली, यात वाद नाही. पण विस्तव घरात आला तशी भट्टीकडे जाणारी वाट मोडली. आमच्या गावातली ती बेकरी आता नाही, आणि डबा घेऊन निघायचं ठिकाणही नाही. म्हणून एकच विनंती. वरच्या मापाने आठ रोट्या होतात आणि घरात आता माणसं असतात दोन. उरलेल्यांचं काय करायचं ते आम्ही सांगायला नको. शेजारचं दार वाजवा. त्यांनी विचारलं, "हे काय आणि कुणाचं?" तर आमच्या आजीचं उत्तर द्या.

आज इथेच थांबतो.